कूपनासाठी जन्मतारीख देणाऱ्या गिऱ्हाइकाला माहितीची पर्वा नसते का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि दिवाळीत फराळ, असं त्या गेली काही वर्षं स्वतःच्या साइटवरून विकतात. साइट सांभाळणाऱ्या मुलाने त्यांना एक सुचवलंय. साइट उघडताच एक चौकट यावी : मोबाईल नंबर, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस भरा, लगेच ५० रुपये सूट मिळवा. त्याखाली आणखी एक : तीन मैत्रिणींचे नंबर द्या, अजून १०० रुपये सूट. ताईंना ते बरं वाटत नाहीये. मुलाचं म्हणणं असं की लोकांना प्रायव्हसीचं काही पडलेलं नसतं, स्वस्त मिळालं की लोक काहीही भरून देतात. "तो चुकतोय का? आणि तो बरोबर असेल, तर मीच भिडेपोटी धंद्याचं नुकसान करून घेतेय का?" असं त्यांनी विचारलंय.

मी चौदा वर्षं दुकानांच्या साइटवरचं चेकआउट बघते. गिऱ्हाइकाने वस्तू कार्टमध्ये टाकल्यापासून पैसे भरेपर्यंतचा रस्ता, तो माझा प्रांत. कुठल्या रकान्यापाशी माणूस थबकतो, कुठून परत फिरतो, कुठे खोटं भरतो, हे रोज डोळ्यांपुढून जातं. त्या अनुभवावरून सांगते. ताई, मुलाने जे पाहिलंय ते खरं आहे. त्यावरून त्याने काढलेला अर्थ चुकीचा आहे. या दोन्हींत बरंच अंतर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलाची बाजू, कारण ती भक्कम आहे. जर्मनीत एक प्रयोग झाला, २०१२ साली तो छापून आला. डीव्हीडी विकणारी दोन ऑनलाइन दुकानं, माल तोच. एक दुकान ऑर्डर घेताना उत्पन्न आणि पूर्ण जन्मतारीख विचारायचं. दुसरं आवडता रंग आणि फक्त जन्माचं वर्ष विचारायचं. उत्पन्न विचारणाऱ्या दुकानात डीव्हीडी एक युरोने स्वस्त ठेवली, तर जवळपास सगळ्यांनी तिथूनच घेतली. एका युरोसाठी माणसं अनोळखी दुकानाला आपला पगार सांगून मोकळी झाली. पुढचा भाग तर मुलाला आणखी आवडेल. दोन्हीकडे भाव सारखा केला, तेव्हाही सगळे कमी विचारणाऱ्या दुकानाकडे वळले नाहीत. गिऱ्हाइकं साधारण निम्मी-निम्मी वाटली गेली.

एवढंच वाचून थांबलं तर विषय संपला असं वाटेल. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अलेस्सांद्रो अक्विस्ती, लेस्ली जॉन आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांचा. माझ्या कामाची दिशा कशाने बदलली असं कुणी विचारलं तर मी या अभ्यासाचं नाव घेईन. पिट्सबर्गच्या एका मॉलमध्ये येणाऱ्या लोकांना त्यांनी गिफ्ट कार्डं दिली. कार्डं दोन तऱ्हेची. एक १० डॉलरचं, त्यावर केलेली खरेदी तुमच्या नावाशी जोडली जाणार नाही. दुसरं १२ डॉलरचं, त्यावरची खरेदी नावानिशी नोंदली जाणार. काही जणांच्या हातात आधी १० डॉलरचं कार्ड दिलं आणि विचारलं, हे देऊन १२ चं घेता का? शंभरातल्या बावन्न जणांनी नको म्हटलं. दोन डॉलर सोडले, पण बिननावाचं कार्ड सोडलं नाही. दुसऱ्या काही जणांच्या हातात आधी १२ चं कार्ड दिलं आणि विचारलं, दोन डॉलर कमी घेऊन बिननावाचं कार्ड घेता का? शंभरातले दहासुद्धा तयार झाले नाहीत.

कार्डं तीच, फरक तोच दोन डॉलरचा, मॉलही तोच. मग लोकांच्या मनात खासगीपणाची किंमत किती, बावन्न टक्के की दहा टक्के? उत्तर हातात आधी काय होतं त्यावर ठरलं. जे आपल्याकडे आहे असं माणसाला वाटतं, ते सोडताना जीव अडखळतो. जे गेलेलंच आहे असं वाटतं, ते परत मिळवायला कुणी गाठीचे पैसे घालत नाही.

आता आपल्याकडे बघा. औषधाच्या दुकानात बिल करताना पहिला प्रश्न मोबाईल नंबरचा. चपलेच्या दुकानात तोच, मॉलच्या पार्किंगमध्ये तोच. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत नाव, नंबर, फ्लॅट, सगळं उघडं लिहिलेलं, मागून येणारा आधीच्या पाच जणांचे नंबर वाचू शकतो. कर्जाचे फोन येतात, प्लॉटचे येतात, क्रेडिट कार्डाचे येतात. आपला नंबर आता बाजारात आहेच, हे प्रत्येकाने मनोमन मान्य केलंय. म्हणजे ताई, तुमच्या साइटवर येणारी बाई पिट्सबर्गच्या दुसऱ्या गटातली आहे. तिच्या हातात आधीच नावाचं कार्ड ठेवलेलं आहे. तिला तुम्ही ५० रुपये दाखवले आणि तिने नंबर दिला, यावरून तिला पर्वा नाही असं ठरवणं म्हणजे पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पाय ओले होण्याची फिकीर नाही असं म्हणण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट, ती सरळ माझ्या धंद्यातली. स्क्रीनवर किंमत आकड्यात दिसते. छापील किंमत खोडलेली, त्याशेजारी नवी किंमत ठळक, खाली "तुमचे ५० रुपये वाचले" असं हिरव्या अक्षरात. हे सगळं आम्हीच मांडतो, आणि डोळा तिथेच जावा म्हणून मांडतो. माहितीची किंमत मात्र कुठेच लिहिलेली नसते. ती नंतर येते, तुकड्यातुकड्याने येते, आणि दुसऱ्याच कुणाच्या हातून येते. तीन महिन्यांनी भलताच फोन आला तर तो कुठल्या दुकानामुळे आला हे कळायला मार्ग नसतो. एका पारड्यात वजन घातलंय, दुसऱ्यात काय आहे ते झाकून ठेवलंय, आणि गिऱ्हाइकाने पहिलं पारडं निवडलं की आपण त्याच्या मनाबद्दल निष्कर्ष काढतो.

दुसरं पारडं उघडं केलं तर? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात नेमकं तेच करून पाहिलं. २०११ चा हा अभ्यास. वस्तू शोधल्यावर दुकानांची जी यादी येते, त्यातच प्रत्येक दुकानासमोर ते माहिती किती जपतं याची खूण दाखवली, चार चौकोनांपैकी किती भरले आहेत अशी. लोकांना दोन वस्तू स्वतःच्या कार्डाने विकत घ्यायला सांगितल्या : बॅटरीचा एक संच आणि एक लैंगिक खेळणं. खूण समोर दिसत होती तेव्हा लोकांनी जपणाऱ्या दुकानाला जास्त पैसे दिले, साधारण १५ डॉलरच्या वस्तूमागे ६० सेंटच्या आसपास. रक्कम छोटी आहे, आणि मी ती फुगवून सांगणार नाही. पण बॅटरीसारख्या वस्तूसाठीसुद्धा दिली, हे लक्षात घ्या. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असलेलं धोरण कुणी वाचत नाही म्हणून लोकांना देणंघेणं नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा. निवडीच्या जागी, निवडीच्या क्षणी, एका नजरेत कळेल असं दाखवलं की माणूस त्याचा विचार करतो.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते, कारण या अभ्यासांमध्ये आपल्याकडची एक गोष्ट येत नाही. आपलं गिऱ्हाईक खासगीपणासाठी पैसे मोजताना कमी दिसतं, पण ते दुसऱ्या रीतीने मोजतं. खोटं सांगून मोजतं, खटपट करून मोजतं, स्वतःची गैरसोय करून घेऊन मोजतं.

कुठल्याही दुकानाची जन्मतारखांची शीट उघडा आणि तारखेवार लावा. १ जानेवारीला ढीग दिसेल. जन्मतारीख सक्तीची केली की लोक जे पहिलं समोर येईल ते निवडतात. दुकान वर्षभर त्या तारखांवर मेसेज पाठवतं, १ जानेवारीला शेकडो लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा जातात, आणि मालक म्हणतो की कॅम्पेनचा काही उपयोग होत नाही. ताई, तुमच्या चौकटीतून येणाऱ्या तारखांचंही हेच होईल. ५० रुपये खरे जातील, तारखा खोट्या येतील.

नंबरचं आणखी वेगळं. घरातल्या बायकांच्या नावाने येणाऱ्या ऑर्डरींवर नवऱ्याचा, भावाचा, मुलाचा नंबर असतो. कधी एकच फोन घरात असतो म्हणून. पण कितीतरी जणींनी मला स्वतः सांगितलंय की डिलिव्हरीवाल्याकडे आपला नंबर जायला नको म्हणून त्या असं करतात. पार्सल देऊन गेल्यावर रात्री व्हॉट्सअॅपवर "हाय" आलेलं ज्यांनी अनुभवलंय, त्यांना याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात, मुंबईत एकट्या राहणाऱ्या मुली पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवतात आणि जड खोका लोकलमधून, बसमधून घरी नेतात. काहींनी खरेदीसाठी वेगळं सिम ठेवलंय, त्याचा महिन्याचा रिचार्ज भरतात. हा खर्चच आहे, आणि ५० रुपयांहून मोठा आहे. फक्त तो दुकानाच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीकडेही मी याच नजरेने बघते. लोक ती का निवडतात याची कारणं बरीच आहेत : माल हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, घरातल्या वडीलधाऱ्यांकडे यूपीआय नाही. पण अनोळखी साइटला कार्डाचा नंबर द्यायला नको हे कारण सुरुवातीच्या वर्षांत मी फोनवर अक्षरशः रोज ऐकलंय. सीओडीला वर चाळीस-पन्नास रुपये आकार लावला तरी लोक तो भरायचे. आता हेच गिऱ्हाईक खासगीपणासाठी जास्तीचे पैसे देत नाही, असं कसं म्हणायचं?

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बायकांच्या आतल्या कपड्यांच्या एका दुकानाचं काम माझ्याकडे होतं. दुकानाने पार्सलसाठी साधा खाकी पुठ्ठ्याचा खोका केला होता, वर दुकानाचं नाव नाही. साइटवर पैसे भरण्याच्या बटणाशेजारी एक ओळ : "खोक्यावर वस्तूचं किंवा दुकानाचं नाव नसेल." ती ओळ टाकल्यावर कार्टमध्येच राहून जाणाऱ्या ऑर्डरी पुढे सरकायला लागल्या. वेगळी सूट द्यावी लागली नव्हती. सगळं छान चाललं होतं. मग कुणीतरी मेसेजची नवी सेवा जोडली, आणि ऑर्डर निघाल्याच्या मेसेजमध्ये वस्तूचं नाव, मापासकट, आपोआप जायला लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्यांनी ऑर्डरला दिराचा नंबर दिला होता, कारण दुपारी घरी तेच असतात. मेसेज दिराच्या फोनवर गेला. त्या चिडल्या नव्हत्या, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "खोका साधा असेल असं तुम्हीच लिहिलं होतं ना?" पैसे परत घ्या म्हटलं, तर नको म्हणाल्या. त्यांनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही. त्या दिवसापासून मेसेजमध्ये काय जातंय ते मी स्वतःच्या फोनवर मागवून बघितल्याशिवाय साइट चालू करत नाही.

ताई, तुम्ही म्हणाल की माझ्याकडे मेतकूट आहे, त्यात लपवण्यासारखं काय? वस्तू लपवण्यासारखी नसते, पण नंबर आणि पत्ता तुमच्या हातून किती हातांत जातो ते एकदा मोजा. तुमची साइट ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालते ती. पैसे घेणारा गेटवे. कुरिअर ठरवून देणारं पॅनेल. प्रत्यक्ष कुरिअर कंपनी, तिचं गोदाम, तिचा डिलिव्हरी करणारा मुलगा. एसएमएसवाले, व्हॉट्सअॅपवर थोक मेसेज पाठवणारे. जाहिरातीसाठी गिऱ्हाइकांची यादी फेसबुकवर किंवा गूगलवर चढवत असाल तर तेही. आणि तुमच्या पॅकिंगच्या टेबलावरच्या मुलीच्या फोनमधली ती शीट, जी रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर येते आणि कधीच पुसली जात नाही. शेवटी खोका. लेबलवर नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल, काय मागवलं आणि किती रुपये, सगळं छापलेलं. मेतकूट डब्यात जातं आणि खोका रद्दीत. माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांत आता दाराशी काळा मार्कर ठेवलेला असतो, खोका टाकण्याआधी नंबर खोडायला. "लोकांना पर्वा नसते" म्हणणाऱ्यांनी तो मार्कर बघावा.

मोठ्या कंपन्यांकडूनही माहिती फुटलेली आहे. २०२० मध्ये बिगबास्केटच्या आणि २०२१ मध्ये डॉमिनोजच्या गिऱ्हाइकांची माहिती बाहेर गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. किराणा आणि पिझ्झा, त्यातही लपवण्यासारखं काही नव्हतं. पण त्यासोबत नाव, फोन आणि पत्ता होता.

मैत्रिणींच्या नंबरबद्दल मात्र मी स्पष्टच सांगते : ते करू नका. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात विद्यार्थ्यांना बिटकॉइन वाटण्याचा एक मोठा उपक्रम झाला, त्यात हेच तपासलं गेलं. काही विद्यार्थ्यांना मित्रांचे ईमेल पत्ते दिल्यास पिझ्झा देऊ म्हटलं. खासगीपणा फार महत्त्वाचा वाटतो असं सांगणाऱ्यांनीही पिझ्झासाठी मित्रांचे पत्ते दिले. हा प्रयोग लोकांच्या ढोंगाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला त्यात वेगळं दिसतं. तिथे पिझ्झा एकाला मिळाला आणि माहिती दुसऱ्याची गेली. तुमच्या चौकटीतही १०० रुपये एकीला मिळणार, मेसेज तिच्या तीन मैत्रिणींना येणार, ज्यांना कुणी काही विचारलेलंच नाही. तुमच्या मेतकुटाची त्यांना झालेली पहिली ओळख म्हणजे न मागता आलेला मेसेज. चांगल्या मालाची चव माणसं आपणहून सांगतात, तुमचा धंदा तसाच वाढलाय ना?

आता स्वस्ताईबद्दल. या सगळ्या चर्चेत असं धरलं जातं की एका बाजूला कमी किंमत आहे, दुसऱ्या बाजूला माहिती, आणि माहिती दिली की किंमत कमी होते. नेहमी तसं होत नाही. माहिती हातात आली की विकणाऱ्याला कळतं की कुणाकडून किती काढता येईल. २००० साली अॅमेझॉनवर एकच डीव्हीडी वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या भावाने दिसत होती, ते लोकांनी आपापसात बोलून शोधून काढलं. कंपनीने सांगितलं की भाव यादृच्छिक बदलत होते, गिऱ्हाईक कोण ते बघून नव्हे, आणि ६,८९६ जणांना सरासरी ३ डॉलर १० सेंट परत केले. २०१२ मध्ये ऑर्बिट्झ या प्रवासाच्या साइटवर मॅक कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना जास्त महाग हॉटेलं वर दाखवली जात असल्याचं उघड झालं, कारण ती मंडळी एका रात्रीमागे ३० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करतात असं कंपनीला दिसलं होतं. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा काढल्या, आयफोन आणि अँड्रॉइडवर एकाच प्रवासाचे वेगळे भाव दिसतात या तक्रारीवरून. कंपन्यांनी ते नाकारलं. पण ज्या माणसाने आज ५० रुपयांसाठी माहिती दिली, त्याला उद्या तीच माहिती वापरून जास्त भाव दाखवला जाणार नाही, याची हमी त्याच्याकडे नसते. सौदा पूर्ण दिसत नसताना त्याने केलेल्या निवडीला त्याची आवड म्हणणं मला पटत नाही.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण माझ्या क्षेत्रातली मंडळी ती विसरतात. ज्या घरात महिन्याचा हिशेब वहीत लिहिला जातो, तिथे ५० रुपये ही खरी रक्कम आहे. अशा बाईने सूट घेतली तर तिला खासगीपणाची समज नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. तिला समज आहे, सवड नाही. अमेरिकेत ऑस्टिन शहरात एटी अँड टी कंपनीने २०१३ च्या शेवटी फायबर इंटरनेट आणलं. तुम्ही काय बघता ते जाहिरातींसाठी आम्हाला पाहू द्या, तर महिन्याला ७० डॉलर. नसेल द्यायचं, तर ९९. २०१६ मध्ये कंपनीने तो प्रकार बंद केला. पण त्या तीन वर्षांत २९ डॉलर परवडणाऱ्याच्या घरात खासगीपणा होता, न परवडणाऱ्याच्या घरात नव्हता. खासगीपणाला किंमतीची चिठ्ठी लावली की हेच होतं, आणि ५० रुपयांच्या कूपनाने लहान प्रमाणावर हेच होतं.

याउलट, जिथे गिऱ्हाइकाला निवड करायलाच लावली नाही, तिथे काय झालं बघा. पूर्वी बऱ्याच साइट कार्डाचा नंबर साठवून ठेवायच्या. रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाकडे खरा नंबर राहत नाही, त्याच्या जागी एक टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी चालणारा एक सांकेतिक आकडा, राहतं. त्या वेळी आम्ही सगळे घाबरलो होतो, विक्री पडेल म्हणून. पहिले काही आठवडे व्यवहार अडले, लोकांना कार्ड पुन्हा घालावं लागलं, आणि मग सगळं सुरळीत झालं. गिऱ्हाइकाला एक रुपया जास्त पडला नाही, तुमच्या-माझ्या साइटवरून कार्डाचे नंबर चोरीला जाण्याची भीती गेली. लोकांना आधी विचारलं असतं की यासाठी ऑर्डरमागे दोन रुपये द्याल का, तर बहुतेकांनी नाहीच म्हटलं असतं, आणि त्या उत्तरावरून कुणीतरी ठरवलं असतं की कार्डाच्या सुरक्षिततेची कुणाला पडलेली नाही.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दुकानांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून अठरा महिन्यांनी लागू होतात. तुमच्या कामाचं त्यात तीन गोष्टींत आहे. ज्या कारणासाठी माहिती घेताय त्याला लागेल तेवढ्याच माहितीपुरती संमती धरली जाते, त्यामुळे मेतकूट पोचवायला लग्नाचा वाढदिवस लागतो हे तुम्हाला कुणाला पटवून देता येणार नाही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं ठेवावं लागतं. आणि माहिती का घेताय ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतसुद्धा. ही शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते. आजवर ही सूचना वकिली इंग्रजीत असायची, आणि आम्ही म्हणायचो लोक वाचत नाहीत. याशिवाय मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं होतं की बिलासाठी मोबाईल नंबरचा हट्ट धरू नका, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत, मुलाला एकदा वाचायला द्या. सूट नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असं बटण, म्हणजे "नको, मला महागच घ्यायचंय" असं लिहिलेलं, तेही त्यात बसतं.

आता तुमच्या साइटवर काय करायचं ते. ५० रुपयांची सूट द्यायचीच असेल तर पहिल्या ऑर्डरला सरळ द्या, बदल्यात काही मागू नका. ऑर्डरसाठी नाव, पत्ता, पिनकोड आणि फोन लागतो, तेवढंच मागा. फोनच्या रकान्याखाली एक ओळ लिहा : "हा नंबर फक्त पार्सल पोचवण्यासाठी." आणि ती ओळ पाळा. नव्या मालाचे मेसेज हवेत का, यासाठी वेगळी चौकट ठेवा, खूण आधीच केलेली नको. खूण करणाऱ्या कमी निघतील. पण त्या तुमचा मेसेज उघडून वाचतील, आणि उन्हाळ्यात सांडगे आले म्हटल्यावर ऑर्डर देतील. वाढदिवसाचं फारच मनात असेल तर फक्त महिना विचारा, ऐच्छिक ठेवा आणि कशाला विचारताय ते तिथेच लिहा : "त्या महिन्यात ऑर्डरसोबत लाडूचं एक पाकीट." पूर्ण तारीख आणि वर्ष कशालाच लागत नाही.

मुलाला पटत नसेल तर भांडू नका, मोजून बघा. एक महिना त्याची चौकट ठेवा, मैत्रिणींच्या नंबरचा भाग सोडून. पुढचा महिना मी सांगितलेलं ठेवा, सूट दोन्हीकडे तेवढीच. गणपती-दिवाळीचे महिने टाळा, नाहीतर सणाची विक्री हिशेब बिघडवेल. आणि किती नंबर गोळा झाले हे मोजू नका. त्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्यांपैकी तीन महिन्यांत दुसऱ्यांदा किती आल्या, ते मोजा. तुमच्यासारख्या दुकानाचं पोट दुसऱ्या आणि दहाव्या ऑर्डरीवर चालतं.

लेबलचं काम तर आजच होण्यासारखं आहे. बऱ्याच कुरिअर पॅनेलच्या सेटिंगमध्ये लेबलवरून वस्तूचं नाव काढण्याची सोय असते, काहींत गिऱ्हाइकाचा नंबर झाकण्याचीही असते. मुलाला शोधायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. नंबर झाकता येत नसेल तर लेबल असं चिकटवा की खोका उघडताना ते सहज सोलून निघेल, आणि आत एक चिठ्ठी घाला की खोका टाकण्याआधी हे काढून घ्या. आणि पॅकिंगच्या मुलीला रोज जी शीट व्हॉट्सअॅपवर जाते ती बंद करून तिला पॅनेलचं वेगळं लॉगिन द्या, ज्यात फक्त त्या दिवसाच्या ऑर्डरी दिसतील. आधीच्या सगळ्या शीट तिच्या फोनमधून आणि तुमच्या फोनमधून, दोघींनी शेजारी बसून पुसा.